रक्ताचं चूलबंद आवतण

माझी सून रमिला हसायला लागली की तिला खाली बसावं लागायचं. एक हात छातीवर, एक हात भुईवर, तोंड आभाळाकडे, आणि हसणं चालूच. बाकीच्या बायकांना दम लागला की त्या हसणं थांबवतात. ही बसून घ्यायची, पण हसणं सोडायची नाही.

तिला मी निवडली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा गाव तेच माझ्या तोंडावर मारणार आहे.

सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. आमच्या घरात घोडी घ्यायची तर ती मी पारखते. दात, खूर, डोळ्याची कड, चाल. आमच्या मालकांना, म्हणजे चुनीलाल पाटलांना, घोडीचं तोंड कोणत्या बाजूला असतं तेवढं कळतं. त्या वर्षी मी एका काठेवाडी घोडीची चाल बघत उभी होते, तेवढ्यात पलीकडे एका घोडीने एका लठ्ठ व्यापाऱ्याच्या फेट्याचं टोक तोंडात धरलं आणि सावकाश चावत सगळा फेटा उलगडला. व्यापारी खाली टकला निघाला. शेजारी एक पोरगी उभी होती, ती हसता हसता कडब्याच्या पेंढीवर बसली आणि तिथूनही हसत राहिली. मी घोडी सोडली आणि पोरीचं गाव विचारलं. आमच्याच गुजरांतली निघाली. वैशाखात ती माझ्या शांतीलालची बायको होऊन घरात आली.

"घोडी लेवाले गयी व्हती, वहू लई उनी!" दगूबाई गल्लीभर सांगत सुटली.

ही दगूबाई माझी चुलत जाऊ. तिचं दार माझ्या दारासमोर. आमच्यात वैर आहे असं लोक म्हणतात, पण वैर असतं तर ते सणावाराला तरी थांबलं असतं. झालं होतं एवढंच, की एका गावजेवणाला वांग्याचं भरीत तिने केलं होतं, आणि भरल्या पंगतीत मी म्हटलं होतं, "भरीत झकास शे. फक्त वांगं तापीकाठी नही, समुद्रमा पिकेल दिसस." खरं ते बोलले. पंगत हसली. दगू हसली नाही. त्याला बारा वर्षं होऊन गेली, पण तिच्या डोळ्यात ते मीठ अजून तसंच होतं.

तर रमिला. घरात आली तशी घर हलकं झालं. ती भाकरी करताना हसायची, गोठ्यात हसायची, सासऱ्यांच्या घोरण्याला हसायची. पण नदीवरून हंडा घेऊन चढण चढायची वेळ आली की अर्ध्यावर थांबायची. बाकीच्या बायका पुढे निघून जायच्या. ही डोक्यावर हंडा, ओठ जरासे काळसर, आणि उभ्या उभ्या धापा टाकायची. थंडी पडली की खोकला, पाऊस पडला की खोकला, ऊन पडलं तरी खोकला. मी आलं दिलं, अडुळसा दिला, शिव्या दिल्या. काही लागू पडलं नाही.

"चाल देखी, दम देखाना ऱ्हायना," दगू ओट्यावरून म्हणाली. "काय व तापी, मेळामाथी पारखीसन लयेल घोडी दमाळ निघनी."

मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरात येऊन शांतीलालला म्हटलं, बैल जुंप, शहाद्याला जायचं आहे.

शहाद्याच्या डॉक्टरने रमिलाच्या छातीला नळी लावली आणि काढेचना. श्वास घे म्हणाला, सोड म्हणाला, परत घे म्हणाला. मला वाटलं याला झोप लागली. शेवटी म्हणाला, "मावशी, हृदयाचे आवाज दोन असतात. दुसरा आवाज दोन पडदे मिटल्याचा. श्वास आत घेतला की ते पडदे जरा पुढेमागे मिटतात, सोडला की बरोबर मिटतात. तुमच्या सुनेचे पडदे श्वास घ्या नाहीतर सोडा, पुढेमागेच."

"ती नळी इथे दे," मी म्हटलं.

त्याने माझ्या कानात घातली. मी ऐकलं. टप, ट-टप. टप, ट-टप. अशी चाल मला माहीत आहे. घोडीचा एक नाल ढिला झाला की ती फरशीवर अशीच वाजते.

"एक नाल ढिला शे," मी म्हटलं.

तो हसला. "तसंच समजा. हृदयाच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक असावं. जन्मापासूनचं. मुंबईला दाखवा, आणि लवकर दाखवा."

जन्मापासूनचं, हा शब्द आमच्या बैलगाडीच्या आधी गावात पोचला. कसा पोचला देव जाणे. आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा दगू कमरेवर हात ठेवून तयार.

"खोटा माल दिधा तुले याहीसनी! धाडी दे परत तिन्हा बापघर."

"मी पारखेल जनावर बी परत धाडत नही," मी म्हटलं. "आनि हाई तं मन्ही वहू शे."

रमिला गाडीतून उतरताना ते ऐकून हसली, आणि अर्थात, तिथेच गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली.

मुंबईला आम्ही तिघं गेलो. शांतीलाल नवरा म्हणून, आणि मी शांतीलालला सांभाळायला म्हणून. त्याला रक्त दिसलं की घेरी येते. दवाखाना एवढा मोठा की आमचं गाव त्याच्या एका मजल्यावर मावून वर खळ्याला जागा उरली असती. छातीचा फोटो काढला. अंगाला तारा चिकटवून कागदावर रेघा काढल्या. मग मोठे डॉक्टर आले. पारशी माणूस, उंच, लांब नाकाचा, आणि आडनाव फिटर. मला बरं वाटलं. आमचं विहिरीवरचं इंजिन बिघडलं तरी आम्ही फिटरलाच बोलावतो.

ते गुजराती बोलायचे आणि आमच्या गुजरांची जुनी बोली गुजरी, तेव्हा आमचं छान जमलं. त्यांनी रमिलाच्या दंडातल्या शिरेतून एक बारीक नळी आत घातली आणि ती हृदयापर्यंत सरकवत नेली. पडद्यावर ती नळी सापासारखी चालताना दिसत होती असं म्हणतात. शांतीलाल दारातच आडवा झाला. नळीतून ठिकठिकाणचं रक्त काढून पाहिलं, कुठलं शिळं, कुठलं ताजं. बाहेर आले ते डॉक्टर पोरासारखे टाळ्या वाजवत.

"माजी, मळी गयुं! सापडलं!"

"काय सापडलं?"

त्यांनी कागद घेतला आणि चार खोल्या काढल्या. उजवीकडे अंगातलं वापरलेलं रक्त येतं, तिथून फुफ्फुसात जातं, ताजं होऊन डावीकडे येतं, आणि डावीकडून सगळ्या अंगात. मधे भिंत. बहुतेकांचं भोक भिंतीच्या मध्यावर असतं. रमिलाचं अगदी वरच्या कोपऱ्यात, डोक्याकडून येणारी मोठी शीर जिथे उजव्या खोलीत उतरते तिथेच. म्हणून ते सहजासहजी सापडत नाही. आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. उजव्या फुफ्फुसातून ताजं रक्त घेऊन येणारी एक शीर, जिने डाव्या खोलीत जायचं, ती वाट चुकून त्या वरच्या मोठ्या शिरेलाच येऊन मिळाली होती. जिथे शिळं रक्त असायला हवं तिथे नळीला ताजं लागलं, आणि पुढे ढकलली तर नळी सरळ फुफ्फुसात घुसली. त्यावरून त्यांना कळलं.

मी कागद माझ्याकडे वळवून घेतला.

"म्हणजे आमच्या केळीचं पाणी गिरधरच्या उसात जाई ऱ्हायनं."

"गिरधर कोण?"

"आमचा बांधशेजारी." मी त्यांना समजावलं. विहिरीवरून पाणी उपसायचं आम्ही, इंजिन जाळायचं आम्ही, आणि वरच्या कोपऱ्यात पाटाचा बांध फुटला की पाणी गिरधरच्या शेतात. ते झिरपून परत विहिरीत. परत उपसा. इंजिन दुप्पट चालतं आणि केळ तहानलेलीच.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "माजी, हे उद्या मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवणार. पण ऐका. नुसतं भोक बुजवून भागायचं नाही. बुजवलं तर ती चुकलेली शीर उजवीकडेच ओतत राहील. म्हणून हृदयाच्या पिशवीचाच एक तुकडा कापायचा आणि तो आतून असा तिरपा शिवायचा, की त्या शिरेचं रक्त त्याच भोकातून डावीकडे वळेल, आणि मग दोन्ही खोल्यांमधली वाट बंद."

"तिरपा बांध. पाटाचं दारं वळवणं."

"बस, तेच."

"मग वळवा की. आम्ही रोज वळवतो."

मग त्यांनी अवघड भाग सांगितला. बांध घालायला पाणी थांबवावं लागतं, तसं हृदय थांबवावं लागणार. तेवढा वेळ एक यंत्र तिचं रक्त फिरवणार. ते यंत्र रिकामं चालत नाही, ते आधी रक्ताने भरावं लागतं. त्याच सकाळी काढलेल्या ताज्या रक्ताने, आणि तिच्याच जातीच्या. तिची जात एबी, फार थोड्यांची असते. "पंधरावीस तगडी माणसं घेऊन या. त्यातली जुळतील ती जुळतील, बाकीच्या बाटल्या मी इकडून तिकडून बघतो. पण पुरेसं रक्त जमलं नाही तर तिची पाळी दुसऱ्याला जाईल, आणि परत कधी लागेल सांगता येत नाही. तिच्या फुफ्फुसावर आताच दाब चढायला लागला आहे. तिथल्या शिरा एकदा कडक झाल्या की मग मीसुद्धा हात लावणार नाही."

बाहेर बाकड्यावर रमिला बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"माय, मी मरसू का व?"

"मन्ही परवानगी लिधाबिगर?"

तिला हसू आलं. बसलेलीच होती म्हणून बरं.

गावाला आल्याबरोबर मी सुपडू न्हाव्याला बोलावलं. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, आमच्या गावात आवतण सुपडूच फिरवतो. मी त्याला सांगितलं, असं असं मुंबईला कार्य आहे, रमिलाचं हृदय शिवायचं आहे, त्याला रक्त पाहिजे, घरोघर जाऊन सांग.

सुपडूने हळद लावलेले तांदूळ उपरण्याच्या पदरात घेतले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "पाटलीनबाई, घरटी एक का चूलबंद?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घरटी एक म्हणजे दर घरातून एकेक माणूस. चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटायचीच नाही, म्हातारी, पोरं, पाहुणे सगळ्यांनी यायचं. डॉक्टरांनी पंधरावीस माणसं सांगितली होती. मी "घरटी एक" म्हणणारच होते. "घर" तोंडात आलंही होतं.

आणि समोरच्या ओट्यावर दगू सुपात तूर पाखडत होती, ते सूप थांबलं.

तापीबाईने आपल्या सुनेच्या कार्याला घरटी एक आवतण दिलं, हे दगूच्या तोंडून जन्मभर ऐकायचं? मी पदर नीट केला आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चूलबंद!"

दुसऱ्या आठवड्यात नंदुरबार स्टेशनवर गिरधरचा ट्रक दोनदा रिकामा झाला. तेव्हा मला समजलं की आमच्या गावात माझा मान किती आहे, आणि हेही, की गाव केवढं आहे. ट्रंका, वळकट्या, दशम्यांच्या फडक्या, लोणच्याच्या बरण्या. तान्ही पोरं. एक आंधळे बाबा, "मन्हं रक्त जुनं शे, पन गावठी शे," असं सगळ्यांना सांगत. बायकांनी नवी लुगडी नेसलेली. कुणीतरी ढोलकी आणलेली. आमच्या मालकांनी माणसं मोजायला सुरुवात केली आणि पन्नासाच्या पुढे जाऊन बिडी पेटवली.

आणि सगळ्यांच्या पुढे, काठापदराचं लुगडं, नाकात नथ, दगू.

"तू कसाले?" मी विचारलं.

"चूलबंद आवतण शे. मन्ही चूल बंद करी उनू. आते मी तठे जेवसू."

सुरतेपर्यंत गाडीत लग्नाची गाणी चालली. व्याह्याला शिव्या द्यायची गाणी असतात तीसुद्धा म्हटली. व्याही म्हणून फिटर डॉक्टरांचं नाव घातलं. डब्यातल्या परक्या माणसांनी विचारलं, नवरी कुठली? बायकांनी रमिलाकडे बोट दाखवलं. नवरा कुठला? शांतीलालकडे. ही तर लग्न झालेली दिसतात! "हां," सुपडू म्हणाला, "पन मधली भिंत बांधानी बाकी ऱ्हायेल." त्यावर रमिला एवढी हसली की मला तिचं डोकं मांडीवर घ्यावं लागलं. हसू थांबलं तरी धाप थांबेना. तिच्या छातीवर माझा तळवा होता आणि त्याखाली तो ढिला नाल वाजत होता, टप, ट-टप. गाणी आपोआप बंद झाली. मग तीच डोळे मिटून म्हणाली, "गा ना व, थांबन्यात कसाले?"

दवाखान्याच्या मोठ्या नर्सबाईने आमची वरात फाटकातून आत येताना पाहिली आणि तिच्या हातातला चहा बशीत सांडला. "हे काय? एवढी माणसं? कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं," मी म्हटलं. "आणि मरू नये म्हणून आलोत."

फिटर डॉक्टर खाली आले. पायऱ्यांवर पसरलेला आमचा सगळा गाव त्यांनी बघितला, आंधळे बाबा बघितले, झोळीत निजलेलं पोर बघितलं. मग ते खांबाला धरून हसले. डॉक्टर असून हसताना खाली बसायच्या बेतात होते.

"माजी, मी पंधरावीस म्हटलं होतं."

"तुमच्याकडे आवतण द्यायची पद्धत नाही," मी म्हटलं. "घ्या आता. बोटं टोचा."

मग टोचाटोची. प्रत्येकाचं बोट, एक थेंब काचेवर, आणि निकाल. ए, बी, ओ, एबी. तासाभरात ती आमच्या लोकांची नवी कुळं झाली. ओवाले एका पायरीवर, बीवाले दुसऱ्या. ज्या दोन भावांत बांधावरून भांडण होतं ते एकाच जातीचे निघाले आणि दोघांनाही ते आवडलं नाही. आमचे मालक आणि सुपडू न्हावी दोघेही बी. मालक बराच वेळ सुपडूकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, इतली वरीसथीन तू मन्ही दाढी करी ऱ्हायना, सांगं नही." त्या दिवसापासून दाढी करताना ते त्याला भाऊच म्हणतात.

मी सगळ्यात आधी हात पुढे केला होता. नर्सबाई म्हणाली, आजी, तुमचं वय झालं, शिवाय तुमचं ओ आहे, मशीनला चालणार नाही. मी तिला म्हटलं, माझं काय चालतं आणि काय चालत नाही ते तू ठरवायचं नाही. पण तिने घेतलं नाही ते नाहीच.

घरटी एक माणूस आलं असतं तर एबीवाली दोन निघाली असती. चूलबंद होतं म्हणून सहा निघाली: एक गिरधर, एक शाळामास्तर, तीन भाऊबंद. डॉक्टरांनी दवाखान्यातूनही गोळा केलं होतं. या पाचांचं आणि ते मिळून एक बाटली कमी पडत होती.

आणि सहावी होती दगू.

नर्सबाईने तिचं नाव पुकारलं तशी दगू उठली, पदर खांद्यावर घेतला आणि पुन्हा बसली.

"देसू," ती म्हणाली. "पन तापी मांगी तव्हय."

"आवतण दिधं ना!"

"सुपडूनी दिधं. तुन्हा तोंडथीन मांग."

ढोलकीवाला ढोलकी घेऊन मागे सरकला.

मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. विस्तवसुद्धा मागितला नाही. माझी चूल विझतच नाही. मी म्हटलं, "दगू, रक्त दे."

"नुसतं नही. आधी सांग, मन्हं भरीत कसं शे?"

बारा वर्षं! बारा वर्षं ही बाई ते वांगं भाजत बसली होती, आणि ताटात वाढायला तिने मुंबईच्या दवाखान्याची पायरी निवडली. माझ्या जिभेवर जे आलं ते ऐकून नर्सबाईने नोकरी सोडली असती. तेवढ्यात वरच्या मजल्याच्या खिडकीत मला रमिला दिसली. पांढरे कपडे, केस बांधलेले, कठड्याला धरून ऐकत होती. तिला हसू येत होतं, आणि ती ते आवरत होती, कारण दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत दम जपायला तिला सांगितलं होतं. ती पोरगी हसू आवरतेय, हे मी पहिल्यांदा बघत होते. ते मला बघवेना.

"दगूनं भरीत चांगलं ऱ्हास," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"दगूनं भरीत अख्खा खान्देशमा चांगलं! मीठ सोडीसन."

"मिठासकट सांग!"

"मिठासकट!" मी ओरडले. दोन मजल्यांवरचे आजारी खिडक्यांशी आले. "दगूनं भरीत मिठासकट चांगलं! आते ऊठ, नही ते मीच सुरी घीसन काढसू तुन्हं रक्त!"

पायऱ्यांवरून टाळ्या पडल्या. दगू राणीसारखी उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाडी सुई दिसली तेव्हा मात्र राणीला पलंगावर चढवेना. "तापी, आठेच ऱ्हाय," म्हणाली. मी तिचा दुसरा हात धरून उभी राहिले. तिने डोळे मिटले आणि माझी बोटं एवढी दाबली की अंगठी रुतली. बाटली भरत आली तशी एक डोळा उघडून विचारलं, "लाल शे ना व?"

"तुन्हं शे म्हनीसन वाटनं व्हतं हिरवं निंघी," मी म्हटलं. "पन लाल शे. चांगलं लाल."

रमिलाला आत नेलं. पुढचं मी पाहिलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं ते सांगते. छाती उघडली, यंत्राला जोडली, हृदय थांबवलं. आमच्या गावचं आणि मुंबईचं रक्त यंत्रात फिरत राहिलं. डॉक्टरांनी वरच्या कोपऱ्यातलं भोक पाहिलं, वाट चुकलेली शीर पाहिली, हृदयाच्या पिशवीचा तुकडा कापला आणि तिरपा बांध घातला. पाणी वळलं. मग यंत्र बंद केलं, आणि हृदय क्षणभर विचार करून आपलं आपण चालायला लागलं.

आम्ही खाली अंगणात. गिरधर माझ्या शेजारी उकिडवा बसून जमिनीवर काडीने पाट काढत होता आणि पुसत होता. "वहिनी," तो म्हणाला, "घर गयात की मी तो कोपरा बांधी देसू." मी म्हटलं, बांध. आणि तोंड दुसरीकडे केलं. धूळ फार होती तिथे.

डॉक्टर खाली आले ते टोपी हातात घेऊन. मला त्यांचं तोंड बघायचा धीर झाला नाही, मी टोपीकडेच बघत राहिले. टोपी हलत होती. ते हसत होते.

चार दिवसांनी त्यांनी स्वतःहून नळी माझ्या कानात घातली. रमिलाची छाती पट्ट्यांनी बांधलेली, चेहरा उतरलेला, पण ओठ गुलाबी. "श्वास घे," डॉक्टर म्हणाले. टप, ट-टप. मी डॉक्टरांकडे पाहिलं. "आता सोड." टप, टप. एक. स्वच्छ एक. परत घे, दोन. परत सोड, एक.

"आता सगळ्यांसारखं," डॉक्टर म्हणाले. "माझं पण असंच वाजतं, तुमचं पण."

"नाल बसला," मी म्हटलं आणि नळी त्यांच्या हातात देऊन बाहेर गेले. दगू दारातच होती. तिला मिठी मारली असं गाव म्हणतो. मी फक्त तिला बाजूला सारत होते.

आता वर्ष होत आलं. रमिला नदीवरून दोन हंडे घेऊन चढण चढते आणि वर पोचल्यावर मागच्या बायकांना हसते, उभी राहून. यंदा दत्ताच्या यात्रेत एका घोडीने आमच्या मालकांचा फेटा धरला, तेव्हा ती इतकी हसली की मला वाटलं आता बसेल, आता बसेल. बसली नाही. मीच पेंढीवर बसले.

एक मात्र झालं आहे. पोरगी उलटून बोलायला लागली. पूर्वी नुसती हसायची, आता उत्तर देते, आणि उत्तर असं की बरोबर वर्मावर. हे आमच्या घरातलं नाही, तिच्या माहेरचंही नाही. एका बाटलीतून आलं आहे, आणि कुठल्या ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दगू रोज सकाळी ओट्यावरून ओरडून विचारते, "तापी, मन्ही बाटली कशी शे?" आणि माझी सून आतून ओरडते, "झकास शे, काकू! सासूले पुरी पडी ऱ्हायनी!"

परवा दगूने भरीत पाठवलं, वर भाकरी झाकून. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी खाल्लं. सगळं खाल्लं. चांगलं आहे म्हटलं, मिठासकट.

खारट होतं. दगूला अक्षर वाचता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. रमिलाला येतं, आणि आत्ता ती माझ्या खांद्यावरून हे वाचतेय, आणि उभ्या उभ्या हसतेय, आणि समोरच्या ओट्याकडे निघाली आहे.